बर्फाच्या चार लाद्या

बाबा, सात वर्षं हे लिहायचं टाळतोय. आज धंतोलीतल्या दवाखान्याच्या बाकावर बसलोय, उठून कुठं जाता येत नाही, म्हणून लिहितोय. आत आई आहे. सकाळी छातीत कळ आली, दुपारी तातडीनं बायपासला घेतलं.

सही घ्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "धडधडत्या हृदयाले टाके कसे घालता?"

"थांबवतो आधी. थंडगार औषध सोडतो, वरून बर्फाचा चुरा. तेवढा वेळ मशीन रक्त फिरवते. थांबलेलं, गार हृदय कमी खातं, म्हणून तगतं. पण आईंचं हृदय सकाळपासून रक्तावाचून उपाशीच आहे, भाऊ. परत किती जोर धरेल, आत्ता सांगता येत नाही."

बर्फ म्हटल्यावर माझी सहीच चुकली.

तुम्ही बर्फाच्या कारखान्यात लाद्या काढायचात. एकदा डबा द्यायला आलो अन् लादीवर टेकलो, तर केवढे ओरडलात! "ऊठ बे! लग्नाची आहे थे!" मी विचारलं, मयताची वेगळी असते काय? तुम्ही हसलात. "एकच असते. टाईमावर पोचली पाहिजे, बस."

पुढे मी आभाळातून पडणारा बर्फ पाहायला मनालीला गेलो. तिथं लोक पैसे देऊन त्यावर घसरतात, तुम्हाला पटलं नसतं. असो. कुठं होतो? हां, तुम्ही गेलात तो मे महिना. दिल्लीत होतो, ताईचा फोन आला, निघालो. इकडे हुडकेश्वरच्या घरी तुम्हाला तुमच्याच कारखान्याच्या लाद्यांवर ठेवलेलं, माझ्यासाठी. रात्रीपासून चार विरघळल्या. पाचवी काकांनी आणू दिली नाही. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा अंगणात नुसतं पाणी होतं, तुम्हाला नेलं होतं. "गाडी लेट होती," मी म्हणालो. आईनं खरं मानलं. ताईनं नाही, अन् तेव्हापासून ती माझ्याशी बोलली नाही.

बाबा, गाडी लेट नव्हती. सकाळीच उतरलो होतो. स्टेशनबाहेर, संत्रा मार्केटच्या बाजूला चहावर चहा पीत बसलो. तुम्हाला तसं निजलेलं पाहायची हिंमत झाली नाही.

आत्ता आतून निरोप आला, टाके झाले, आता ऊब देऊन राहिले. चालू व्हायचं बाकी आहे.

थांबा. जिन्यावर ताई दिसतेय. मी कळवलं नव्हतं, शेजाऱ्यांनी सांगितलं असेल. अमरावतीहून आलीय, घामानं निथळतेय. माझ्याकडे न पाहताच विचारते, "मले लेट तं नाही झाला न?"

हा कागद घडी करून ठेवतो. गाडीचं आधी तिला सांगतो.