शिवणबाई खाली उतरत नाहीत

३ जून

चि. ठकीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तू मनाची डॉक्टरीण, म्हणून तुलाच लिहिते. आमच्या शेजारच्या शिवणबाई तीन महिने घराबाहेर पडलेल्या नाहीत. चौथा मजला, लिफ्ट नाही, पण आधी रोज उतरायच्या. विचारलं की म्हणतात, खाली माझं आहे कोण? त्यांची लेक म्हणते, आईच्या मनानंच घेतलंय. याच महिन्यात ती त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार. त्यांना जायचं नाही. वीस वर्षं भांडतोय आम्ही दोघी शेजारणी. त्या गेल्या तर मी बोलू कुणाशी? एकदा येऊन त्यांना समजाव.

येत नसलीस तरी लोभ असू दे.

मावशी

९ जून

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

मी डॉक्टरीण नाही, हे दहाव्यांदा सांगते. माझा विषय समुदाय मानसशास्त्र. माणूस खचला की आम्ही नुसतं त्याचं मन तपासत नाही. त्याचा शेजार, त्याची वाट, उठबस बघतो. तिथलं काय निसटलं ते शोधतो. आणि समजावत नाही, विचारतो. त्या आधी कशा उतरायच्या, कुठे थांबायच्या, कुणाशी बोलायच्या, ते विचार. मध्ये तोंड घालू नकोस. तुला जड जाईल.

टोमण्यांसकट तुझा लोभ हवाच.

ठकी

१९ जून

चि. ठकीस आशीर्वाद.

विचारलं. दुसऱ्या मजल्यावर बाकडं होतं, तिथे त्या दम खायला टेकायच्या. येणारा-जाणारा दोन शब्द बोलायचा, कुणाचं तुटलं बटण तिथेच लागायचं. मार्चमध्ये ते बाकडं गच्चीवर हलवलं. ठराव माझाच, सोसायटीची सेक्रेटरी ना मी. जिना नीटनेटका दिसावा, एवढंच मनात. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी लावलेली टापटीप. शिवणबाईंना वाटलं, आपलं तिथे बसणं लोकांना खुपतंय. गुडघे दुखत होतेच, वर ही लाज.

मी बैठक बोलावून चूक कबूल केली. तळमजल्यावरच्या टपालवाल्यांनी गच्चीवरून बाकडं उतरवलं, परत जागेवर ठेवलं. पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाई त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. आता रोज कुणीतरी उसवलेलं काही घेऊन येतं. लेक न्यायला आली, तर शिवणबाईंनी सांगितलं की हातात सहा कामं आहेत, यायला सवड नाही. लेक तासभर बाकड्यावर बसली, सगळं बघितलं आणि आश्रमाला नको म्हणून कळवलं.

मी अजून शिवणबाईंची माफी मागितली नव्हती. काल बाकड्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि मागितली. त्या म्हणाल्या, माफीचं नंतर बघू, आधी सरका. दोघींच्या बाकड्यावर तुम्ही दीड माणसाची जागा घेता.

मी सरकले.

तुझ्यावर लोभ आहेच, आता थोडा धाकही.

मावशी