सागाच्या काडीवरच्या दहा रेघा

बाबा,

आज दुपारी जेवण झाल्यावर मोबाइलवर काहीबाही बघत पडले होते, आणि अचानक समोर तुमची बोट आली. तुमची म्हणजे तशीच. लांब नाक, लाकडी अंग, खाली खोल उतरत गेलेला टोकदार तळ. आपल्या घरी होतं त्या इंग्रजी मासिकाच्या काळच्या समुद्री शर्यतीच्या बोटी आता परदेशातले हौशी लोक शोधून काढतात, डागडुजी करतात आणि पुन्हा लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरवतात म्हणे. दोन म्हातारे वाद घालत होते, की ही जुनी लाकडं दिवसभराचा मार सोसतील की नाही. मला हसू आलं. हाच वाद तुम्ही माझ्याशी स्वयंपाकघरात, मी भाकरी थापत असताना घालायचात, आणि मला त्यातलं काही कळत नसल्यामुळे दोन्ही बाजूंनी तुम्हीच भांडायचात. मग त्यातल्या एकानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, आत मापाची काडी बुडवली आणि बाहेर काढून दाखवली. माझं हसू तिथंच थांबलं. त्या काडीवरच्या रेघा सारख्या अंतरावर नव्हत्या. वरच्या अंगाला दाट होत्या, खाली विरळ होत जात होत्या. मी मोबाइल उलटा ठेवला आणि दुर्गजवळच्या बोरसीच्या या घरात एकटीच हे लिहायला बसले.

तुम्ही गोंदियाकडची रेल्वेची नोकरी सोडून भिलाईला आलात तेव्हा आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. सगळीकडे लाल धूळ, निम्मी भट्टी उभी, निम्मी कागदावर. कारखान्याला पाणी पुरवणाऱ्या मरोद्याच्या तलावावर तुम्ही पंपहाउसचे फिटर, आणि मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर. रशियन नकाशांवर मेणकापड पसरून शाईनं रेघा गिरवायच्या, एवढंच माझं काम. नोकरी लागली त्या आठवड्यात तुम्ही रायपूरहून मला कंपासपेटी आणून दिलीत. आत निळ्या मखमलीत झोपवलेला डिव्हायडर. "साहेबायच्या पोरींपाशी बी नसंन असा," म्हणालात. तेवढा महाग होता की नाही कोण जाणे, पण मी तो उशाशी घेऊन झोपले होते.

ते इंग्रजी मासिक पंपाच्या सुट्या भागांच्या खोक्यात भुसा भरल्यासारखं कोंबलेलं निघालं. तुम्ही ते घरी आणून इस्त्रीनं सरळ केलंत. त्यातल्या फोटोत दोन लाटांच्या मधे हवेत उडालेली बोट, आत गुडघे वाकवून उभी दोन माणसं. लेख मी डिक्शनरी घेऊन वाचून दाखवायची आणि अर्थ तुम्हीच मला सांगायचात. सपाट तळाची बोट शांत पाण्यावर पळते छान, पण समुद्रात प्रत्येक लाट तिला खालून थप्पड मारते, दोन तासांत फासळ्या ढिल्या होतात. टोकदार तळाची थोडी मंद, पण लाट कापते, मार खात नाही. पातळ फळ्या आडव्यातिडव्या चिकटवून केलेलं अंग जाड एका फळीपेक्षा जास्त सोसतं. इंजीन पहिल्या तासात पूर्ण जोरात हाणलं तर शेवटच्या तासाला तोंड दाखवत नाही. आणि या शर्यतींत अर्ध्याअधिक बोटी शेवटपर्यंत पोचतच नाहीत, याचं तुम्हाला फार अप्रूप. "पयली कोन आली ते सोड," तुम्ही म्हणायचात, "पोचली कोन ते पाय." मी म्हणायची, "बाबा, भाकरी जळून राह्यली, ते पाहा." त्यावर तुम्ही भाकरी उलटायचात आणि पुन्हा सुरू. ज्या माणसानं समुद्र कधी पाहिला नव्हता तो परातीतल्या पिठावर बोटानं लाटा काढून मला समजावतो आहे, हे मला अजून दिसतं.

मग तुम्ही ती बांधायलाच घेतलीत. दीड वर्ष, रविवार आणि सुटीचे दिवस. भंगारातल्या जीपचं इंजीन, खोक्यांच्या फळ्या, सरस. लोक पंपहाउसच्या मागे येऊन बघून जायचे आणि तुम्हाला कप्तान म्हणायचे. चेष्टाच होती ती, पण तुम्ही मानानं घ्यायचात. तुमच्या मोठ्या साहेबांनी मात्र चेष्टा केली नाही. तलावाची खोली मोजायला, गाळ बघायला कारखान्याला लाँच हवी होती, आणि बाहेरून मागवलेली यायला उशीर होता. ते म्हणाले, "मिस्त्री, आठ घंटे बिना रुके, बिना तेल डाले चला के दिखाओ. फिर लाँच तुम्हीं बनाओगे, वर्कशॉप में जगह भी दूँगा." त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर हात धुताना एवढंच म्हणालात, "पंप तं कोनीबी चालवते."

टाकी तुम्ही स्वतः केलीत. बोटीच्या पोटात नीट बसावी म्हणून तळासारखीच, वर रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली. शंभर लिटरची. सांधे तुम्हीच कथलाची झाळ देऊन पाझले. तेल दाखवणारा काटा लावायला नव्हता म्हणून सागाची काडी केलीत आणि ती माझ्या हातात दिलीत. "दहा दहा लिटर वत. दर खेपेला काडी बुडव, वल कुठवर आली पाय, तिथं रेघ मार. दहा खेपा. नजरेनं नको करू, मोजूनच कर." आणि तुम्ही पंप सुरू करायला गेलात.

मी दोन मापं ओतली, बाबा. पेट्रोलच्या वासानं डोकं उठलं होतं, ऊन चढलं होतं, आणि मला ते हमालाचं काम वाटलं. मी ट्रेसर होते ना! ड्रमचा हातपंप मारून टाकी काठोकाठ भरली, काडी एकदा बुडवली, ओल होती तेवढी उंची घेतली, आणि सावलीत बसून तुमच्या डिव्हायडरनं तिचे दहा सारखे भाग पाडले. शाईनं रेघा ओढल्या, आकडे काढले, वर वार्निशचा हात. तुम्ही परत आलात. "कावून गे, झालं बी?" म्हणालात. मी काडी पुढे केली. तुम्ही ती उन्हात धरून फिरवली. "छापल्यावानी रेघा हायत," म्हणालात, आणि पंपहाउसमधल्या प्रत्येकाला नेऊन दाखवलीत.

चाचणीआधी तुम्ही बोट तासभर चालवलीत. काडीवर एक रेघ उतरली. तासाला एक, म्हणजे दहा तासांचं तेल. आठ तर सहज. पुढच्या रविवारी साहेब आले, रशियन साहेब आले, वर्कशॉपची माणसं डबे घेऊन आली. तुम्ही धुतलेला सदरा घातला होता. बोट तलावाला फेऱ्या घालते आहे, वाऱ्यानं लाटा उठल्या आहेत, ती नाक वर करून त्या कापते आहे आणि बांधावरची माणसं हळूहळू चेष्टा विसरली आहेत. चार तासांनी तुम्ही बांधाजवळ आलात, इंजीन बंद न करता बोट हळू केलीत, काडी बुडवलीत आणि मला पाच बोटं दाखवलीत. अर्धी टाकी. चार तास राहिले होते आणि तुमच्या हिशेबानं तेल पाच तासांचं होतं. मी पण हात हलवला.

सव्वा तासानं इंजीन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. तलावाच्या अगदी मधे. तुम्ही झाकण उघडताना दिसलात, वाकलेले दिसलात. शेवटी मासेमाऱ्यांच्या डोंगीला दोर बांधून तुम्हाला ओढत आणलं. टाकी कोरडी होती. "काडीनं पाच दाखवले व्हते, साहेब," तुम्ही सांगत होतात, एकदा हिंदीत, एकदा मराठीत. साहेब वाईट बोलले नाहीत. घड्याळात पाहून गेले. बाहेरून मागवलेली लाँच पुढे यथावकाश आली.

घरी येऊन तुम्ही टाकी व्हरांड्यात टांगलीत. बोटीच्या पोटात पेट्रोलचा वास नव्हता, ओल नव्हती, तरी तेल गेलं होतं, म्हणजे टाकी कुठून तरी गळतच असणार, असं तुमचं म्हणणं. तुम्ही सगळ्या सांध्यांना चुना फासलात, ओल दिसावी म्हणून, आणि खाली उताणे झोपलात. मी वरून पाणी ओतत होते. दोन बादल्या ओतल्या आणि पाणी टाकीच्या अर्ध्या उंचीवर आलं. मग वरचं अर्धं भरायला लागले. तिसरी. चौथी. पाचवी. सहावी ओतली तरी टाकी भरेना. टाकी आठ बादल्यांची; खालची अर्धी उंची दोन बादल्यांची आणि वरच्या अर्ध्या उंचीत सहा मावणार होत्या. माझ्या पाचव्या रेघेखाली अर्धी टाकी नव्हतीच, पाव टाकी होती. दहा खेपा ओतल्या असत्या तर काडीनं ते आपसूक दाखवलं असतं, खाली विरळ, वर दाट. खालून तुम्ही विचारलंत, "थांबली कावून?" मी म्हणाले, "काही नाही," आणि सातवी बादली ओतली.

तुम्ही कार्बुरेटर खोललात, नळ्या बदलल्या, टाकी तीनदा नव्याने पाझलीत. तुम्हाला खरं तर मिनिटभरात उमगलं असतं. तुम्ही सगळ्यावर संशय घेतलात, झाळेवर, इंजिनावर, शेवटी स्वतःच्या हातांवर. फक्त काडीवर नाही, कारण ती मी केली होती. रोज वाटायचं, आज सांगावं. मग तुम्ही कामावरून यायचात आणि टाकीखाली झोपायचात, आणि जितके दिवस जात तितकं ते जड होत गेलं. मला तुमच्या रागाची भीती नव्हती हो. तुम्ही ती काडी ज्यांना ज्यांना दाखवली होती त्यांची आठवण व्हायची. पुढे बोट पंपहाउसच्या मागे उलटी पडून कुजली. तुम्ही पंप चालवत निवृत्त झालात आणि पाझायचं काम परत कधी हातात घेतलं नाहीत. घरातलं साधं पातेलं गळायला लागलं तरी दुर्गला कल्हईवाल्याकडे नेऊन द्यायचात. मी लग्न केलं नाही. लोक म्हणायचे, बापासाठी थांबली. मी तो मोठेपणाही घेतला.

दवाखान्यातली ती दुपार. तुमच्या हातांची कातडी कागदासारखी झाली होती, आणि तुम्ही एकाएकी विचारलंत, "ते टाकी कुठून गळत व्हती गे? मले तं काई सापडलं नाही." खरं सांगायला दार उघडंच होतं, बाबा. वॉर्डात दुसरं कोणी नव्हतं. आणि मी म्हणाले, "मागच्या सांध्यातून गळत असेल." तुम्ही दोन्ही हात वर धरून पाहिलेत. "हो," म्हणालात, "तो सांधा घाईत झाला आसंन. माझाच हात चुकला." मग चहा मागितलात. तीन दिवसांनी तुम्ही गेलात.

काडी माझ्याजवळ आहे, कपाटात, कंपासपेटीच्या खाली. वार्निश अजून चकाकतं. हे लिहून मी कुठं टाकणार, तिथंच ठेवीन. टाकी गळत नव्हती, बाबा, चुना शेवटपर्यंत कोरडा होता. आणि मागचा सांधा घाईत झाला नव्हता. दोन रविवार लागले होते तुम्हाला त्याला. मी शेजारीच बसले होते.