सासूबाईंचं माहेर

२४ फेब्रुवारी १९३६

फॉर्म आला. जर्मन सरदार-मंडळाचा. आईवडील, आजी-आजोबा — प्रत्येकाचं नाव, गाव, धर्म, बाप्तिस्म्याचा दाखला. पलटणीतही असाच फॉर्म निघणार म्हणे. म्हणजे एगबर्टलाही भरावा लागणार. आजी-आजोबांत एक जरी ज्यू निघाला, तर माझ्या लेफ्टनंट मुलाने गणवेश उतरवायचा!

बोटोंनी फॉर्म वाचला, घडी करून खिशात घातला आणि कुत्र्यांकडे निघून गेले. जेवायला आले नाहीत. नवऱ्याला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

२६ फेब्रुवारी

भीती सासूबाईंच्या नावाची आहे. चर्चमध्ये त्यांच्या स्मरणार्थ संगमरवरी पाटी आहे — ‘माहेरच्या बॅरोनेस फॉन लिलियेनटाउ, व्हिएन्ना’. अडेलाइड, माझी नणंद, लग्न न करता इथेच राहिलेली, आज टेबलावर सगळं बोलून मोकळी झाली. "ते लिलियेनटाउ म्हणजे बाटलेले ज्यू सावकार. व्हिएन्नात पोराटोराला माहीत आहे. पपांनी नाव उचलताना जरा चौकशी तरी करायची!"

कारण सासूबाई ना बॅरोनेस, ना ज्यू. त्या शेजारच्या गावातल्या, डुकरं राखणाऱ्याची मुलगी. मामंजींचा जीव जडला. पण आमच्या क्लेव्हेनो घराण्याच्या वंशवृक्षावर डुकरं राखणारा टांगायचा कसा? म्हणून व्हिएन्नातल्या एका कफल्लक बॅरनचं आडनाव मिळवलं आणि तिला चिकटवलं. मला हे सासूबाईंनीच सांगितलं, लग्नाला सहा वर्षं झाल्यावर. डुकरीण विताना त्या नोकरांना बाजूला सारून स्वतः बाह्या सरसावायच्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

एगबर्टला कुणी सांगितलंच नाही. तो त्या पाटीवरच अक्षरं शिकला.

२८ फेब्रुवारी

मी म्हटलं, "अहो, मग खरं लिहा! डुकरं राखणारा तर डुकरं राखणारा. या फॉर्मात तोच आपल्याला तारेल."

"हेडविग, माझ्या आईला मी पुन्हा डुकरांच्या खोपटात नेऊन बसवू?"

"त्या तिथूनच आल्या होत्या."

हात उगारला त्यांनी. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मारलं नाही. स्वतःच्याच हाताकडे बघत बसले.

१ मार्च

चर्चमध्ये मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. आमच्यावरच? मान वळवायचं धाडस झालं नाही. पोस्टमन दिसला की मी पडद्याआड होते.

३ मार्च

आमचे ज्यू डॉक्टर लेव्हिन सारखे डोळ्यांसमोर येताहेत. एगबर्टच्या बाळंतपणात त्यांनीच मला मरणाच्या दारातून ओढून आणलं. गेल्या वर्षी बायकोमुलांना घेऊन कायमचे देश सोडून निघाले, निरोप घ्यायला आले, तर मी आतून सांगून पाठवलं — बाईसाहेबांचं डोकं दुखतंय. दुखत नव्हतं. लोक काय म्हणतील, एवढंच. आता तीच भीती आमच्या उंबऱ्याशी आल्यावर मला झोप नाही. लाज वाटते स्वतःची.

४ मार्च

एगबर्टला सगळं लिहायला बसले होते. बोटोंनी कागद ओढून घेतला. "वेडी आहेस? हल्ली पत्रं फोडतात! ईस्टरला येईल तेव्हा तोंडी सांगेन मी."

पटलं मला. ईस्टरला महिनाच उरलाय.

९ मार्च

गेलो शेवटी. बोटोंनी गाडी स्वतःच हाकली, गाडीवानही नको म्हणाले. शेजारच्या गावच्या पाद्रीबाबांनी जुनी वही काढली. मार्था कुशेल. बाप गावची डुकरं राखतो. आई मजूर.

"बॅरनसाहेब, ही आपली कोण?"

बोटोंनी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, "आई."

वाटेत गाडी थांबवून रडले. "किती साधं नाव होतं गं तिचं," म्हणाले. साठीच्या माणसाला आईचं नाव आता उच्चारता आलं!

११ मार्च

दाखला हातात पडला! शिक्क्यासकट. अडेलाइड म्हणते, "चला, आता माझ्यासाठी एखादा डुकरांचा डॉक्टर बघा." तिघंही हसलो. दोन आठवड्यांनी पोटभर जेवलो. बोटोंनी दोनदा सूप मागून घेतलं.

१४ मार्च

एगबर्टचं पत्र. बारा तारखेचं.

‘पपा, कर्नलसाहेबांनी आजीच्या माहेराबद्दल विचारलं. लिलियेनटाउ ज्यू आहेत, असे कुणीतरी त्यांचे कान भरले होते. म्हणाले, सरदाराचा शब्द देऊन सांग. टाळता आलं असतं. पण आपल्या घरात पूर्वज लपवत नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत. चर्चच्या पाटीवर आहे तेच मी शब्दावर सांगितलं. आता गणवेश जाईल. तुमची मान खाली जाणार नाही एवढं मात्र मी बघेन. आईला सांभाळा.’

शेवटची दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचतेय. कायमचा निरोप घेतल्यासारखी आहेत. पलटणीत फोन लावला, लागत नाही. बोटो म्हणाले, "मी उद्या पहिल्या गाडीने जातो. दाखला कर्नलच्या टेबलावर ठेवतो. सगळं सांगतो, आईचंही."

१४ मार्च, दुपारी

कर्नलसाहेबांचाच फोन आला. मी घेतला. "एगबर्ट कुठे आहे?" विचारलं. म्हणाले, "बाईसाहेब, हे मी बॅरनसाहेबांशीच बोलेन. अर्ध्या तासाने पुन्हा करतो."

बोटो अंगणात उद्याच्या प्रवासाचे बूट पुसताहेत. मी अजून हाक मारलेली नाही.