कावळ्यापुरता शब्द

चिंचवड, बुधवार, १२ डिसेंबर १९५६

जमिनीच्या धंद्यात पडून दोनच महिने झाले, पण अडलेला माणूस दहाव्याला हमखास भेटतो एवढं शिकलो. म्हणून आज आकुर्डीच्या एका शेतकऱ्याच्या दहाव्याला नदीवर गेलो. पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. शेवटी मयताच्या धाकट्या भावाने हात जोडले, "दादा, वावर इकनार न्हाई." कावळा लगेच शिवला. विधवा वहिनीने डोळे पुसले.

सौदा हातचा गेला, तरी मला सुटल्यासारखं वाटलं. की नुसतं तसं लिहितोय?

संध्याकाळी तोच भाऊ माझ्या दारात. "त्ये कावळ्यापुरतं हुतं, शेठ. कागद कवा करायचा?"

कावळा शिवताना मी पाहिला होता. त्या बाईचे डोळेही.

म्हणालो, "उद्याच करू."