आठ बाकं आणि बद्रीलालजी

८ एप्रिल, बुधवार

करायला नको होतं ते केलं. उठावण्याचा बोर्ड लिहिला, चौकात टांगला, नि मेलेला कोणी नाही. म्हणजे असा माणूसच नाही. नाव मी बनवलं. बद्रीलालजी.

वामनमामाच्या पेंटिंगच्या दुकानात असे बोर्ड इतके लिहिलेत की हात आपोआप चालतो. काळा पत्रा, पांढरी अक्षरं. ‘अत्यंत दुःख के साथ... श्री बद्रीलालजी का स्वर्गवास... उठावना आज शाम ५ बजे, चौक की नई बेंचों पर. शोकाकुल समस्त परिवार.’ आडनाव नाही, गाव नाही. कोणी विचारत पण नाही. आपल्याकडे कोणी गेलं की तिसऱ्या दिवशी उठावणा, त्याला सगळा बाजार जातो, दहा मिनिटं गप बसतो, हात जोडतो, निघतो.

कारण काय, तर शर्त. दिघेकाका, आमच्या शेजारचे, नगरपालिकेत ओव्हरसियर, यांनी कमेटीच्या मागे लागून चौकात निंबाखाली आठ बाकं टाकली, पाण्याच्या मटक्यांची प्याऊ लावली, पाच ते नऊ टांगे-ठेले बंद केले. पंधरा दिवस बघायचं. शेवटच्या दिवशी, १८ ला, कमेटी येणार. माणसं बसलेली दिसली तर कायम, नाही तर बाकं उचलून गोदामात. शनिवारपासून एक माणूस बसला नाही! सरकारी बाकावर आपण कसं बसायचं, कोणी उठवलं तर? काका एकटेच या बाकावरून त्या बाकावर बसून राहिले होते, म्हणजे आठही वापरात दिसावीत.

छगन टांगेवाला, माझा यार, हसून हसून मेला. मी म्हटलं, कल पाच बजे आठों भर दूँगा. कचोरीची प्लेट लागली.

भरली ना भिया. आठही. पांढऱ्या टोप्याच टोप्या. नि ऐका, लोकांना बद्रीलाल आठवायला लागला.

“भोत सीधे आदमी थे.”

“हओ. किसी से ऊँची आवाज में बात नी की.”

“मेरे यहाँ से ही कपड़ा लेते थे.”

मी मागे उभा. हसू दाबून पोट दुखलं. मग काका आले. भरलेली बाकं लांबून बघून चेहरा असा फुलला की काय सांगू. जवळ आले, बोर्ड वाचला, टोपी काढली, नि एका कोपऱ्यात बसून हात जोडले. तेव्हा हसू गेलं.

कचोरी खाल्ली. चव नाही लागली.


१० एप्रिल, शुक्र.

चौक रिकामा. पहिल्यापेक्षा वाईट. पहिले लोक नुसते बसत नव्हते, आता शोकाची जागा म्हणून वळसा घालून जातात. एक बाई पोराला हात धरून ओढत होती, “उधर नी, उधर गमी की बैठक है.” पोरगं मटक्याकडे बोट दाखवून रडून राहिलं होतं.

कचोरीवाला बोलला, “भिया, गमी की जगे पे बैठ के कचोरी गले से कैसे उतरे?”

काका पुन्हा एकटे. आज जागा पण बदलत नव्हते. एकाच बाकावर.


१२ एप्रिल, रवि.

काकांनी मृत्यूची नोंदवही बघितली. बद्रीलाल नाही. बोर्ड काखेत मारून दुकानात आले. मी डबा ढवळत होतो, ढवळतच राहिलो, रंग सांडला.

“वामनराव, हा हात कोणाचा?”

मामाने चष्मा चढवला. बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मला तर वाटलं इथेच धोतरात... असो.

“असे हात शहरात दहा आहेत,” मामा बोलला.

काका बोलले, ऑफिसं सगळी राजधानीबरोबर भोपाळला गेली वामनराव, माणसं तरी संध्याकाळी इथे बसू देत म्हणून मी हे केलं. कोणाचं काय वाईट केलं होतं मी? कमेटीला लिहून देतो की कोणीतरी खोटा उठावणा ठेवला, प्रयोग फसला, बाकं उचला. मी खोट्यावर काही उभं ठेवणार नाही.

असे आहेत काका. घरी पाहुणा आला तर दूध पातळ आहे हे पण सांगून टाकतात.

मामाने त्यांना कसंबसं थांबवलं. १८ पर्यंत तरी थांबा म्हणाला. ते गेल्यावर माझ्याकडे न बघता ब्रश धूत बोलला, “ज्याने शोक बसवलाय त्यानेच उठवावा. आणि लवकर.”

मारलं असतं तर बरं झालं असतं.


१४ एप्रिल

शोक उठतो कसा? पगडीने! तेरावं झालं, बाजाराच्या पंचांनी मुलाच्या डोक्याला पगडी बांधली, गोड खाल्लं, की सुतक संपलं, लोक पुन्हा दुकान उघडतात, हसतात. ज्याची पगडीच नाही झाली त्याचा शोक तसाच बसून राहणार ना. हिशेब लावला. उठावणा तिसऱ्याचा धरला तर तेरावा येतो १८ ला. १८ लाच कमेटी.

दुसरा रस्ता नाही.

बोर्ड लिहिला, डाव्या हाताने. अक्षरं दारू पिऊन चालल्यासारखी. ‘पगड़ी की रस्म, १८ को शाम ५ बजे, वही बेंचें. तत्पश्चात शोक समाप्त.’

छगन बोलला, “भिया, तू मरेगा.” शर्त लावताना नाही बोलला ते.


१७ एप्रिल, शुक्र.

जेवण जात नाही. आई म्हणते ऊन लागलं. कैरीचं पन्हं पाजलं दोनदा.

मुलगा कुठून आणू? छगनचा चुलतभाऊ तयार होता, आज पळाला. उद्या मीच पुढे नाही गेलो तर पगडी होणार नाही, चौक कायमचा गमीचा, काकांची बाकं गेली. गेलो तर...

काका सकाळी पायरीवर बसले होते. कमेटीला द्यायचा कागद लिहून ठेवलाय म्हणे. खिशात.


१८ एप्रिल, शनि. झोप येत नाही म्हणून लिहून काढतो.

पाच वाजता चौक भरला. पहिल्यापेक्षा जास्त. बसायला जागा नाही म्हणून प्याऊपर्यंत उभे. कपड्यावाले चौधरीजी, बाजारातले सगळ्यात म्हातारे, सगळ्यांच्या पगड्या तेच बांधतात, ते पगडी हातात घेऊन उभे.

“लड़का कहाँ है?”

लोक माना वळवून शोधायला लागले.

“अरे बद्रीलालजी का लड़का?”

तिकडून कमेटीची मोटार थांबली. काकांचा हात खिशाकडे गेला. मी बघितलं. त्या कागदाकडे गेला.

माझे पाय मला न विचारता पुढे गेले. खरं सांगतो.

“लड़का नी है उनका,” मी बोललो. आवाज कोंबडीसारखा. “अकेले थे. मैं... मैं पानी-वानी दे आता था. मुँहबोला बेटा समझो.”

चौधरीजींनी माझ्या डोक्याला हात लावला. “मुँहबोला भी बेटा होता है.” आणि बांधली. घट्ट. कान दुखून राहिलेत अजून. मग पेढे वाटले, कोणी आणले माहित नाही, बहुतेक मामाने. आणि मग, देवाशपथ, कोणीतरी हसलं. पोरं मटक्यावर धावली. कचोरीवाल्याने ठेला कडेला लावला. बायका बाकावर बसल्या, पाय वर घेऊन, घरच्यासारख्या.

कमेटीवाले बघतच राहिले. कायम! तिथेच बोलले. बाकं कायम.

काका माझ्याकडे आले. मला वाटलं संपलं.

“पहिला बोर्ड तूच लिहिलास.”

मी मान हलवली.

“नोंद का नाही?”

“बाहेरगावी गेले होते, तिकडेच...” कुठून आलं तोंडात, काय माहित.

काकांनी खिशातला कागद काढला नि माझ्यासमोर फाडला. “एकट्या माणसाचा उठावणा केलास. आणि मी तुला उनाड समजत होतो रे दामू. मला माफ कर.” डोळे भरले होते त्यांचे.

त्यांनी कानाखाली द्यायला पाहिजे होती.


२६ एप्रिल, रवि.

आठ दिवस चौक गजबजलेला. लोक मला बघून ‘राम-राम बेटा’ म्हणतात. मी दुसऱ्या गल्लीने जातो.

आज काका स्वतः दुकानात आले, बरोबर एक म्हातारी. लाल लुगडं, हातात कपड्यात बांधलेला डबा. काका म्हणाले, “दामू, या गौतमपुऱ्याहून आल्यात. बद्रीलालजींच्या बहीण.”

मी स्टुलावरून खाली आलो. उतरलो नाही, आलो.

तिचा भाऊ बद्री, बापाशी भांडून घरातून निघाला, तिचं लग्न पण झालं नव्हतं तेव्हा. गावचा कोणी पगडीला होता, त्याने जाऊन सांगितलं. दर राखीला देवळाच्या खांबाला राखी बांधते म्हणे.

“म्हारा भई के पाणी तूने पायो?” माझा हात धरला. तिचा हात पानासारखा हलका. “कदी म्हारो नाम लेतो थो?”

काका बघत होते. मामा बघत होता.

“लेते थे,” मी म्हटलं.

ती रडली नाही. पदराने तोंड पुसलं नि हसली. डब्यात लाडू होते. चौकात जाऊन तिसऱ्या बाकावर बसली, निंबाखाली, गावाची मोटार सुटेपर्यंत. काकांनी तिला मटक्याचं पाणी दिलं. मला म्हणाले, ही बाकं टाकताना मला माहित नव्हतं की अशा माणसाला पण बसायला जागा लागते.

लाडू मामाने खाल्ला नाही. मी पण नाही.


२८ एप्रिल

मामाला म्हटलं, सांगून टाकू का? मामा बोलला, “काकांना सांगितलंस तर ते उद्या सकाळी कमेटीत जाऊन सांगतील. तिला सांगितलंस तर ती काय करेल ते मला नाही माहित.” आणि बोर्ड घासायला लागला.

समजा तिचा बद्री जिवंत असला तर? कुठेतरी रतलामला नाहीतर आणखी कुठे, विडी पीत बसला असेल. यंदाची राखी ती खांबाला बांधेल का नाही?

छगन येत नाही आता दुकानात. लांबून टांगा हाकतो.


२ मे, शनि.

गौतमपुऱ्याचं पोस्टकार्ड. कोणाकडून तरी लिहून घेतलंय. तिला पेटीत बद्रीचा एक फोटो सापडला, तरुणपणचा. उद्याच्या मोटारीने घेऊन येते. “तू चेहरा बघून सांग बेटा, म्हातारपणी पण नाक असंच होतं का.” तिसऱ्या बाकावर. काकांना पण बोलावलंय.

हो म्हटलं तर मी तिचा भाऊ मारला. नाही म्हटलं तर मग मेला कोण, काका विचारणारच, नि तासाभरात बाकं गाडीवर. आत्ता दुकानातून दिसतंय, आठही भरलीत. एक पोरगं बाकाखाली झोपलंय.

हे वाचून राहिलेला तू जो कोणी असशील, भिया, दादा, काका, जो कोणी, तुझ्या पाया पडतो, कोणाला बोलू नको. दिघेकाकांना तर नाहीच. आणि लाल लुगड्यातली म्हातारी तिसऱ्या बाकावर दिसली, तुला बद्रीबद्दल विचारलं, तर एवढंच कर, तिच्याजवळ जरा बस, पाणी दे, नि गप राहा. उद्या मी काय बोलेन मला माहित नाही.