फळीवरचा स्टोव्ह

ता. २ मार्च १९९८

प्रिय शिवकन्या,

पत्र माझ्याच हातचं हाये, कुणाकडून लिहून घेतलं न्हाई. अक्षर वेडंवाकडं हाये, तरी शेवटपर्यंत वाच. गोडगोड लिहिणं मला जमत न्हाई, तुला माहीत हाये.

समाजमंदिरातला तुझा वर्ग आठवतो का? तुमच्या संस्थेला परदेशातून पैसा आल्ता, बायांच्या शिक्षणाचा अन् संरक्षणाचा. वर्षाचा वर्ग म्हणालीस. मंग चौथ्याच महिन्यात पाहुण्या मॅडम येणार म्हणून आमच्याकडून नुसतं नाव घोटून घेतलंस. बावीस जणींनी फळ्यावर नाव लिहिलं, मॅडमनं टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. माझ्या शेजारची कौसल्या तेवढी अडून बसली. म्हणाली, ताई, नाव झालं, आता पत्र लिहायला शिकवा, मला माहेरी कळवायचंय. तू म्हणालीस, पुढच्या टप्प्यात. मी पण तिला दटावलं, पाहुण्यांसमोर रडगाणं नको म्हणून. तिच्या पाठीवरचे वळ मी पाह्यले होते. पुढचा टप्पा काही आला न्हाई.

दिवाळीनंतर ती जळून मेली. जमादार आले, पंच पाहिजे म्हणाले. पोलीस पाटील अप्पाराव बोलले, द्वारकाबाईला घ्या, तिला सही येते. चार माणसांत माझं नाव निघालं, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. मी जमादाराला बराबर सांगितलं, कौसल्याचा स्टोव्ह आठ दिवसांपासून माझ्या घरी हाये, पंपाचा वायसर गेलाय, आमचे मालक बाजारच्या दिवशी भोकरदनला नेणार होते. ते मान हलवून लिहून राह्यले होते. बोट दाखवलं तिथं मी सावकाश, वळणदार सही केली. तू घोटून घेतलेली.

महिन्याभरानं तिचा भाऊ तातेराव कागद घेऊन दारात आल्ता. मावशी, हे तुम्ही कसं लिहून दिलं, म्हणाला. मला काय लिहिलंय तेच वाचता येईना. त्यानंच वाचलं. स्टोव्हचा भडका उडाला. जळका स्टोव्ह जागेवर मिळाला. पंचांनी पंचनामा वाचून सही केली. रागावला न्हाई. कागद माझ्यापाशी ठेवून, पाणी ठेवलं ते न पिताच गेला. त्या दिवसापासून मी नातीचं पहिलीचं पुस्तक धरलं. चुलीपाशी, बांधावर, जिथं बसंल तिथं. दीड वर्ष गेलं. सगळ्यात आधी मी तोच कागद वाचला.

तातेरावनं चपला झिजवल्या म्हणून खटला उभा राह्यला. कौसल्याचा नवरा धर्मराज जामिनावर सुटून गावात मिशीला पीळ देत फिरून राह्यला. आमच्या मालकांना दोनदा वाटेत अडवलं त्यानं. बारा तारखेला जालन्याच्या कोर्टात माझी साक्ष हाये. सरकारी वकील म्हणाले, धर्मराजच्या वकिलानं तुमच्या संस्थेची यादी आणलीय. माझ्या नावापुढं साक्षर लिहिलंय, खाली तुझी सही. बाई तेव्हा वाचत होती, आता पलटली, असं तो म्हणणार. तू येऊन सांगायचं, तेव्हा हिला नावाशिवाय एक अक्षर येत नव्हतं, यादी खोटी हाये. संस्थेचा पैसा थांबंल, तुझी नोकरी जाईल, ते मला कळतं. कळूनच लिहिते. मी न वाचता सही केली, शिवकन्या. तू वाचून केलीस. सकाळी दहाला कोर्टाच्या दारात उभी राहा. स्टोव्ह अजून माझ्या फळीवरच हाये, पोत्यात घालून आणते. भाकर दोघींची बांधते.

तू नाव लिहायला शिकवलेली,
तुझीच
द्वारकाबाई