शेंदराआडची चीर

आई, ज्यांचं दुखणं घरात कुणी खरं मानलं नाही अशा बायांपैकी तू एक होतीस, म्हणून हे तुलाच लिहिते. आपली सगळ्यांची तक्रार एकच आहे, आपल्या तोंडच्या शब्दाला साक्षीदार लागतो. मेंढरू लंगडलं तर माणसं त्याचा खूर बघतात, बाई लंगडली की तिची नियत बघतात. हे वाक्य मी सभेत म्हटलं की टाळ्या पडतात. पुस्तकं मी पुष्कळ वाचली, पण हे वाक्य मला बारामतीच्या एका दवाखान्यात सुचलं, तुझ्या शेजारी उभी असताना.

इंग्रजांचा अंमल होता. आपण मेंढरं घेऊन इंदापूरच्या माळावरून बारामतीकडे उतरत होतो. कालव्याच्या काठावर अडकलेलं कोकरू काढताना तू घसरलीस आणि त्या दिवसापासून डावा पाय ओढू लागलीस. बिऱ्हाड चालतं राहिलं पाहिजे, बाईमाणसासाठी कळप थांबत नाही, ही आपल्यातली रीत. तुझे सासरे, आमचे आबा, काही दुष्ट नव्हते. आजारी मेंढीला ते मांडीवर घेऊन बसत. पण तुला म्हणाले, "बसल्यावर दुखत न्हाय, चालतानाच बरं दुखतं! काम चुकवायचं दुखणं हाय ह्ये." तू एवढंच म्हणायचीस, "मामंजी, खुब्यात कळ निघती वो." शेवटी त्यांनी ठरवलं, तुला सांगवीला माहेरी सोडायचं आणि दादांचं, माझ्या वडिलांचं, दुसरं लग्न लावायचं. दादा बापापुढे मान खाली घालून उभे राहिले. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंकडे हाडाचा फोटो काढायचं यंत्र आलंय, असं आबांनी बाजारात ऐकलं. "यंत्राला सासू न्हाय न् सासरा न्हाय," ते म्हणाले, "त्ये खरं सांगंल."

दवाखान्याच्या परसात इंजिन धडधडत होतं, त्यावरच ते यंत्र चालायचं. बाईंनी तुला टेबलावर निजवलं आणि श्वास रोखायला सांगितलं. खुबा मांसात खोल असतो, तिथून पार होऊन किरण फिल्मवर उमटायला फार वेळ लागे. तेवढा दम तुला निघेना, कळेनं अंग थरथरत होतं. फिल्म निघाली ती नुसती धुरकट. "डाक्तरीनबाई, धुकं निघालं की वो!" आबा म्हणाले. "आत काय मोडलंच न्हाय, तर दिसंल काय?" बाई चिडल्या नाहीत. "आबा, त्या हलल्या. पुढच्या बाजाराला या, पुण्याहून पडदे मागवलेत." "पडदे? हितं काय तमाशा लावताय?" म्हणून आबा हसले, पण एका बाजाराची मुदत त्यांनी दिली. त्यानंतर थेट सांगवीची वाट.

ते पडदे म्हणजे दोन पांढरे पुठ्ठे. एका चपट्या पेटीत ते समोरासमोर ठेवायचे आणि मधे फिल्म घालायची. त्यांवर टंगस्टन नावाच्या धातूचा क्षार फासलेला असतो, बाई समजावून सांगत होत्या, किरण पडले की तो उजळतो आणि त्या उजेडानं फिल्मवर चित्र झटकन उमटतं. खोलीत अंधार करून त्यांनी एक पुठ्ठा दाखवला. यंत्र चालू होताच तो निळसर चमकला आणि आबा मागे सरले. "आरं, काजवं कोंडल्यात जणू!" मग तुझी पाळी. "दम धरा... सोडा." झालंसुद्धा.

मी अजून त्या खोलीत उभी आहे. ओली फिल्म खिडकीशी धरलेली, हाडं स्वच्छ दिसतायत, पण नेमका खुब्यावर एक पांढरा डाग आहे. "ह्यो गोळा कसला?" आबा विचारतात. बाईही चकित होतात. "अंगाला काही बांधलंय का हो?" तू खाली बघतेस. मग म्हणतेस, "शेंदूर हाय." पिंपळीच्या वाटेवरच्या म्हसोबाचा शेंदूर खरवडून, तेलात कालवून, तू रोज दुखऱ्या जागी थरावर थर देत होतीस. "मानसं ऐकंनात, म्हनून देवाचा लावला."

"अहो, शेंदरात शिसं असतं," बाई म्हणतात, "किरण त्यातून जात नाहीत."

"म्हंजी म्हसोबानंच आडवलं म्हना की!" आबांना हसू येतं, मला नाही. बाई माझ्या हातात गरम पाणी आणि साबण देतात. मी घासते, तू दात आवळतेस, घमेल्यातलं पाणी लालभडक होतं. पुन्हा "दम धरा." या वेळी डाग नाही. मांडीच्या हाडाच्या मानेत, खुब्यापाशी, केसासारखी बारीक चीर आहे. आबा फिल्म हातात घेतात आणि उलटसुलट करून बघतात. तू एकदाच तिकडे पाहतेस. "ह्ये तर मला ठावं व्हतं."

पाय अजिबात टेकायचा नाही, असं बाईंनी बजावलं. आबांनी बाजारातून गाडी आणली, त्यात स्वतःचं घोंगडं अंथरलं आणि गाडीमागून पायी चालले. जळोचीच्या एका शेतात त्यांनी मेंढरं बसवली आणि तुझं हाड सांधेपर्यंत बिऱ्हाड हललं नाही. जाणारेयेणारे टोमणे मारत, "आबा, औंदा कळपाला मुळं फुटली काय?" आबा म्हणत, "सुनंचा पाय मोडलाय." दर वेळी तेवढंच, मोठ्यानं. दुसऱ्या लग्नाचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या पडद्यांचं मी आजही कौतुक करते. अंगातून निघता निघता क्षीण झालेला किरण ते पकडत आणि त्याचा उजेड करत. आबांचंही करते, रीत मोडायला छाती लागते. पण आई, माझा राग गेलेला नाही. तुला ठाऊक होतं, तू सांगितलं होतंस, आणि तरी पुण्याहून पुठ्ठे यावे लागले.

तू तर गेलीस, हे कुठल्या डाकेत पडणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. काही आठवड्यांपासून माझाही खुबा दुखतोय. भाषणाला उभी राहते तेव्हा टेबल धरून असते, लोकांना तो आवेश वाटतो. घरात मी कुणाला बोललेली नाही. फोटो आता क्षणात निघतो, दवाखाना जवळ आहे, तरी जात नाही. त्यात काहीच निघालं नाही, तर माझं कोण खरं मानेल, याची भीती वाटते. हजारो बायांना मी "बोला" म्हणून सांगितलं. मला सांगणारं कुणी उरलं नाही. तेवढं तू कर, आई. एकदा विचार मला, कुठं दुखतंय.